लेखनिकाविरुद्ध तक्रार

अकोला
९ डिसेंबर २०२४

चि. अंकुर यास,
जयभीम.

फोन ब्लॉक करता येतो, टपाल करता येत नाही. हे पत्र रजिस्टर केलं आहे. पोचपावती माझ्याकडे येईल, तेव्हा मिळालं नाही असं कोणाला सांगू नकोस.

सहा डिसेंबरला तू आला नाहीस. विहारात तुझी आई मेणबत्ती घेऊन एकटी उभी होती. मी तिच्या बाजूलाच होतो, पण ती एकटी उभी होती. बाया विचारत होत्या, पोट्टा कुठं हाये. मी म्हटलं, परीक्षा चालू आहे. तुझी परीक्षा सोळा नोव्हेंबरला संपली. तुझ्यापायी मला विहारात खोटं बोलावं लागलं. हे पहिलं.

दुसरं. तुझी आई रोज एकच वाक्य ऐकवते, "पोराचा घात केला तुमी." कसा केला ते सांगत नाही. तर मी क्रमाने लिहितो. यात एक शब्द खोटा निघाला तर दाखव.

अठरा नोव्हेंबरला सकाळी मी कौलखेडला एका कृषी केंद्राच्या शटरवर नाव टाकत होतो. मालकाचा भाचा तिथे आला, वलगावचा गोपाल, तुझ्याच वर्गातला. शिडीखाली उभा राहून म्हणतो, "काका, अंकुरचं बरं हाये बा. आमी तीन घंटे बोटं मोडून लिहितो. त्याचा पेपर दुसराच पोट्टा लिहिते, येगळ्या खोलीत. वरून घंटाभर जास्त."

"दुसरा म्हणजे कोण?"

"नितेश म्हणून हाये एक. फस्ट इयरचा."

शटरवर तेव्हा "कृषी कें" एवढंच झालं होतं. दुसरा कोणी असता तर ब्रश टाकून अमरावतीची बस पकडून तुझी गचांडी धरली असती. मी तसा माणूस नाही. नाव पूर्ण केलं, ब्रश घासलेटात धुतले, घरी आलो आणि तक्रार लिहिली.

हो, मीच लिहिली. निनावी नाही. नाव, पत्ता, मोबाईल नंबरसह, दोन प्रतींत. एकवीस तारखेला स्वतः तुझ्या कॉलेजात जाऊन दिली आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. विषय: तोतया परीक्षार्थीकडून उत्तरपत्रिका लिहवून घेतल्याबाबत. त्यात माझ्याच पोराचं नाव लिहिताना माझा हात हलला नाही. अक्षर बघून घे पाहिजे तर, एक वेलांटी वाकडी नाही.

तुला आधी विचारायला पाहिजे होतं म्हणे. चोराला विचारून कोणी तक्रार करतं का?

काहून केली, तेही ऐक. सातवीत माझी शाळा सुटली. टिळक रोडवर पेंटर लोक पाट्या लिहायचे तेव्हा मी समोर बसून कोळशाने तेच फरशीवर लिहायचो. कोणी शिकवलं नाही. विहाराच्या कपाटातली सगळी पुस्तकं मी वाचली, दोनदा. पाटीवर एका ओळीत चार शब्दांच्या वर लिहू नये, पाचवा शब्द रस्त्यावरचा माणूस वाचत नाही, हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही, मी स्वतः शोधलं. आणि तरी आयुष्यभर एकच टोमणा खाल्ला. "तुमचं काय बापा, तुमाले सवलत." सातवीत शाळा सुटलेल्या पेंटरला कोणती सवलत मिळते रे? एकही मिळाली नाही, टोमणा मात्र रोज मिळाला. तेव्हाच ठरवलं होतं, माझा पोरगा असा पास होईल की कोणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही.

आणि तू काय केलंस? बोट दाखवायला त्या गोपालला आमच्या शिडीखाली पाठवलंस.

तो नितेश दर्यापूरकडचा आहे असं कळलं. त्याच्या आईबापाला कळवावं लागेल की पोट्टा शिकायला ठेवला की दुसऱ्याचे पेपर लिहायला. माझ्या धंद्यात शिडी धरायला माणूस लागतो. हा चोराची शिडी धरणारा. हरामखोर आहे एक नंबरचा.

घरी ये. चूक कबूल कर. पेपर पुन्हा दे, स्वतःच्या हाताने.

तुझा बाप,
नागसेन डोमाजी खंडारे


अकोला
१९ डिसेंबर २०२४

अंकुर,

पोचपावती आली. तुझी सही आहे. उत्तर नाही.

उत्तर तुझ्या आईने दिलं. परवा मी जेवायला बसलो तर ताटाशेजारी एक झेरॉक्स. भाजीचा रस्सा लागला तिला, तरी उचलू दिली नाही. "पयले वाचा, मग जेवा. वाचता तर येते ना तुमाले?"

सरकारी दवाखान्याचा दाखला. तुझं नाव. विशिष्ट अध्ययन अक्षमता. तारीख सात ऑगस्ट दोन हजार तेवीस.

सोळा महिने! सोळा महिने या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी तुझी आई मला सांगून गेली होती की चांदूर रेल्वेला बहिणीकडे जाते. स्टँडवर मी स्वतः सोडलं तिला, खिडकीतली जागा बघून दिली. आणि ती तिथून तुझ्यासोबत दवाखान्यात!

मी विचारलं, "सुभद्रा, मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी? अजून एक पाटी रंगवली असती?"

त्यानंतर मी जेवलो नाही आणि तिने आग्रह केला नाही.

कोणाला सांगता अक्षमता? ज्या पोराने चौथीत तीसपर्यंत पाढे तोंडी म्हटले, चौदा एप्रिलच्या सभेतलं अख्खं भाषण घरी येऊन हातवाऱ्यांसकट ऐकवलं, त्याला अक्षमता? तुला दाखल्यासाठी पाठवणाऱ्या कॉलेजच्या त्या मॅडमला, काय नाव, प्रियदर्शनी, तिला तू किती वर्षं माहीत आहेस? दोन? मला एकवीस. तुझं अक्षर कुत्र्याच्या पायाचं होतं ते आळसामुळे. ओळ वाचताना तू खालच्या ओळीत उडी मारायचास, ती लक्ष नसल्यामुळे. मी तुला रोज सकाळी दुकानात पेपर वाचायला उभा करायचो ते त्यासाठीच. गिऱ्हाईक असायचं, हे खरं. हसायचं कधी कधी, हेही खरं. पण लाजेने माणूस शिकतो. मी शिकलो तसाच.

नववीतल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही कोणाला सांगितलं नसशील.

दाखला आहे, ठीक. दाखला असला म्हणजे दुसऱ्याने पेपर लिहावा असा नियम कुठे आहे, तो मला दाखवा. मी नियमाचा माणूस आहे. सत्तावीस तारखेला मी तुझ्या कॉलेजात जाऊन नियम बघणार आहे. तुझ्यासाठी जात नाही. नियमासाठी जातो आहे.

नागसेन खंडारे


अकोला
३० डिसेंबर २०२४

अंकुर,

गेलो होतो. तू कुठेतरी लपून बघत असशील तर तुला माहीतच असेल.

ऑफिसात सागर म्हणून क्लार्क आहे. माझं नाव ऐकून उठून उभा राहिला. "तुमीच का ते तक्रारवाले? बसा ना काका! काय अक्षर हाये हो तुमचं, छापल्यासारखं. सायबानं मीटिंगमधी सगळ्याईले दाखवलं."

खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. खुर्चीत बसलो. पाणी प्यालो. मग म्हटलं, लेखनिक घ्यायचा नियम असेल तर दाखवा.

त्याने कपाटातून फाईल काढून समोर ठेवली. मी चष्मा लावून पूर्ण वाचली, परिशिष्टासकट. दाखला असलेल्या विद्यार्थ्याला लेखनिक घेता येतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे. तासाला वीस मिनिटं जादा. वेगळी खोली. तीन तासांच्या पेपरला एक तास. सगळं बरोबर. तुझ्या अर्जाची पोच बरोबर, मंजुरी बरोबर, नितेशचं ओळखपत्र बरोबर. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

मी म्हटलं, "सगळं नियमात आहे तर माझी तक्रार घेतली कशाला?"

"आमी काय काका, शिक्का मारतो."

"मग चौकशी?"

तो इकडेतिकडे बघून हळू बोलला, "सायबाले ती खोली पायजेच होती. तुमचं पत्र आलं अन् सोय झाली."

मी खोली बघायला गेलो. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ. दारावर विद्यार्थी सहाय्य कक्ष असा कागद चिकटवलेला, प्रिंटरचा, एक कोपरा सुटलेला. एवढं मोठं कॉलेज, पेंटरला बोलावता आलं नाही? त्याखाली दुसरा कागद: चौकशी पूर्ण होईपर्यंत कक्ष बंद. संदर्भ: श्री. ना. डो. खंडारे यांचा अर्ज, आवक क्रमांक ४१७. माझं नाव, अंकुर. दारावर. खिडकीतून आत बघितलं तर नॅकच्या तपासणीच्या फायली छतापर्यंत. त्यातल्या एकीत याच कक्षाचा रंगीत फोटो आहे म्हणे, कमिटीला दाखवायला. कक्षाच्या फोटोची फाईल ठेवायला कक्ष रिकामा केला! मी पाट्या रंगवून म्हातारा होत आलो, पण असा कारभार बघितला नाही.

दाराशी बाकावर एक पोरगी बसली होती. जाड भिंगाचा चष्मा. नाव आचल, चांदूर रेल्वेहून रोज येते. मला शिपाई समजली. "काका, कक्ष कवा उघडते हो? मॅडम मले मोठ्या अक्षरातल्या झेरॉक्स काढून देत होत्या. सुट्ट्यांनंतर इंटर्नल हाये अन् माह्याजवळ काईच नाही."

मी म्हटलं, माहीत नाही. वरती दारावर माझं नाव होतं. तिला ते एवढ्या लहान अक्षरात दिसत नव्हतं. या महिन्यातलं माझं दुसरं खोटं.

तिथून मी तडक प्राचार्यांकडे. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. "खंडारे, तुमच्यासारखे पालक पाहिजेत. स्वतःच्या मुलाविरुद्ध!" चहा मागवला. मी म्हटलं, मला तक्रार मागे घ्यायची आहे, मला नियम माहीत नव्हता. त्यांनी हात सोडला. "तसं करता येत नाही. आवक क्रमांक पडला आहे ना."

तो क्रमांक मी स्वतः मागून घेतला होता. तेव्हा खिडकीवरचा माणूस तर म्हणत होता, ठेवून जा काका, पाहू.

सोळा जानेवारीला सकाळी अकरा वाजता चौकशी समिती बसेल. तोपर्यंत तुझा निकाल राखीव. ठपका आला तर तू दोन परीक्षांना बाहेर. लेखनिकही तसाच. मॅडम करारावर होत्या, त्यांना घरीच बसवलं आहे. चहा मी प्यालो नाही.

आणि तुझ्यावर माझा राग आहे तो आहेच. नियमात होतं तर बापाला तोंडावर सांगायची हिंमत का नाही झाली? त्या नितेशला तरी अक्कल होती की नाही? लिहायला हात आहे, सांगायला तोंड नाही? दोघांनी मिळून मला कॉलेजात गाढव ठरवलं.

बाप


अकोला
८ जानेवारी २०२५

नितेश,

हे पत्र तूच उघडलं असशील आणि तूच वाचत असशील. थांबू नकोस. अंकुरला समोर बसव आणि वाच. काही गाळू नकोस. तू आतापर्यंतही गाळलं नाहीस असं काल मला कळलं.

काल मी प्रियदर्शनी मॅडमकडे गेलो. वलगाव रोडला त्यांचं घर आहे. अंगणात हरभऱ्याची भाजी वाळायला घालत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. मी उभ्यानेच म्हटलं, चौकशीत काय सांगू ते सांगा.

त्या म्हणाल्या, "आधी मला सांगा, तुमची पत्रं अंकुरला कोण वाचून दाखवतं?"

मी म्हटलं, का, तो वाचत असेल.

"तुमचं पत्र चार-चार पानी, बारीक अक्षर, ओळीला ओळ चिकटून. तो पहिल्या पानावरच थकतो. त्याचा खोलीतला जोडीदार वाचून दाखवतो. नितेश. शब्द न् शब्द. 'हरामखोर' आलं तिथे तो अडला. अंकुर म्हणाला, गाळू नको, बाबांनी लिहिलं तसंच वाच."

नितेश, मला माफी मागता येत नाही. कधी शिकलो नाही, कोणी मागायला लावली नाही. तक्रार लिहिता येते. म्हणून ही तक्रार समज. तक्रारदार: नागसेन डोमाजी खंडारे. कोणाविरुद्ध: तोच. विषय: एका विद्यार्थ्याला त्याच्याच तोंडून शिव्या वाचायला लावल्याबाबत. तुझ्या वहीत आवक क्रमांक टाक आणि निकाल तू दे.

मी तुला चोराची शिडी धरणारा म्हटलं. तीस वर्षं मी शिडीवर उभा आहे. बरीच वर्षं ती शिडी अंकुरच्या आईने धरली. पाटी माझ्या हातची, खाली बारीक अक्षरात नाव माझं. शिडी धरली म्हणून पाटी तिची झाली नाही, आणि कोणी मला चोर म्हटलं नाही. एवढी साधी गोष्ट मला माझ्याच धंद्यात दिसत होती आणि दिसली नाही. माझ्या डोळ्यांवर कोणता दाखला मिळतो?

आता अंकुर, तू ऐक.

मॅडमनी मला तुझा पेपर कसा झाला ते सांगितलं. डोळे मिटून, खोलीत येरझारा घालत तू बोलत होतास म्हणे. नितेशची बोटं आखडली, तुझं संपेना. एके ठिकाणी त्याने सोपं करून लिहिलं तर तू थांबवून खोडायला लावलंस. "माझं वाक्य असं नाही." मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला तेव्हा प्रश्न पडला होता, हा कोणावर गेला आहे."

मी म्हटलं, पण मॅडम, सवलत ती सवलतच ना. त्यांनी भाजी पसरता पसरता विचारलं, "तुम्ही मोर्च्यांचे बॅनर लिहिता ना?" मी म्हटलं, हो. "काय लिहिता त्यावर?" सवलत नव्हे, हक्क. निळ्या कापडावर पांढरं, दोन फुटी अक्षर. वर्षातून दहादा लिहितो. लिहितो, वाचत नाही.

आणि नववीतला तो दिवस. मी लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहितो, कारण सोळा तारखेला समितीने विचारलं की तुमच्या मुलाने तुम्हाला का नाही सांगितलं, तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर एकच आहे.

त्या दिवशी पेपर वाचताना तू तीनदा अडलास. गिऱ्हाईक हसलं. मी बोर्डाचा तुकडा घेतला, पांढऱ्या रंगाचा हात दिला, लाल रंगाने लिहिलं आणि सुतळीने तुझ्या गळ्यात अडकवलं. मला वाचता येत नाही. चार शब्द. दुकान बंद होईपर्यंत तू तसा उभा होतास. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वाचून गेला, कारण पाटी चांगली होती. मला त्या अक्षराचा अभिमान वाटला होता, अंकुर. संध्याकाळी सुद्धा. ती पाटी अजून दुकानात डब्यांच्या मागे आहे.

हे तुला नितेशच्या तोंडून ऐकावं लागलं. माझ्या तोंडून ऐकायला पाहिजे होतं, पण फोन तू बंद केलास आणि आता मी म्हणतो, बरोबर केलंस.

यापुढचं पत्र नितेशकडे द्यायचं नाही.

नागसेन


अकोला
१३ जानेवारी २०२५

अंकुर,

हे तूच वाच.

मोठं लिहिलं हाये.

ओळीत चारच शब्द.

सोळा तारखेले मी येतो.

अकरा वाजता. पायरीवर थांबतो.

समितीले मी सांगीन:

पेपर माह्या पोराचा हाये.

शब्द त्याचे. हात नितेशचा.

चूक बापाची हाये.

मॅडमले परत बोलवा.

आचलची खोली उघडा.

आवक क्रमांक घेईन. शिक्कासुदा.

थे पाटी फोडली.

तुही आई सोबत येते.

तू बोलला नाही, चालते.

हळू वाच. घाई नाही.

घंटाभर जास्त घे.

बाबा